खानावळवाल्याच्याही नावाची पाटी लावा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

थोरामोठ्यांची घरे स्मारके म्हणून जपायचे काम तुमच्या खात्याकडे असते. पण त्या थोरांना दोन वेळा जेवू कोणी घातले, हे अशा स्मारकांत क्वचितच वाचायला मिळते. म्हणून आधी एका फ्रेंच खानावळवाल्याची गोष्ट.

पॅरिसच्या उत्तरेला ओव्हेर नावाचे खेडे आहे. १८९० साली तिथे नगरपालिकेच्या समोरच आर्थर राव्हू हा गृहस्थ खाली दारू आणि जेवणाचे दुकान चालवायचा, वर खोल्या भाड्याने द्यायचा. मे महिन्यात चित्रकार विन्सेंट व्हॅन गॉग गावात आला. त्याच्या तिथल्या डॉक्टरांनी सुचवलेल्या ठिकाणी दिवसाला ६ फ्रँक मागत होते. राव्हूकडे राहणे-जेवणे साडेतीन फ्रँकांत होते, म्हणून तो तिथे उतरला. कलाबिला काही नाही, निव्वळ खिशाचा हिशेब!

खोली छपराखालची, जेमतेम ७ चौरस मीटरची. आपली दहा बाय बाराची खोलीसुद्धा तिच्यापुढे ऐसपैस. जेवायला मटण-भाजी, सॅलड, शेवटी काहीतरी गोड. ताट त्याने कधी परत पाठवले नाही, असे राव्हूची थोरली लेक आदेलीन पुढे म्हातारपणी सांगायची. घरचे त्याला 'मस्य विन्सेंट' म्हणत, म्हणजे आपल्याकडचे विन्सेंटराव. संध्याकाळी जेवण झाले की हे विन्सेंटराव धाकट्या दोन वर्षांच्या जेर्मेनला मांडीवर घेऊन पाटीवर खडूने चित्र काढायचे. पोरांच्या डोळ्यांत झोपेची वाळू टाकणाऱ्या म्हाताऱ्याचे! मग ती झोपायला जायची. आदेलीनची त्याने तीन चित्रे रंगवली. भावाला लिहिताना मात्र तिचे वय सोळाच्या आसपास सांगितले. पोरगी होती बारा-तेराची.

२७ जुलैला तो गोळीची जखम घेऊन, पोट धरून वाकून परतला. त्याचे कण्हणे ऐकून राव्हू वर गेला. २९ तारखेच्या पहाटे त्याच खोलीत विन्सेंट गेला. आत्महत्या म्हणून चर्चने शववाहिका नाकारली, ती शेजारच्या मेरी गावाकडून आणावी लागली. शवपेटी राव्हूच्या घरात ठेवली होती, भिंतीवर त्याचीच शेवटची चित्रे, भोवती पिवळी फुले. धंद्याच्या घरात असे घडले की गिऱ्हाईक बिचकते, हे कोणत्याही खानावळवाल्याला विचारा. राव्हूने तरी दार लावून घेतले नाही.

दोन चित्रे त्या कुटुंबाकडे राहिली, तीही त्यांनी पुढे किरकोळ किमतीला विकली. आदेलीनच्या त्या तीन चित्रांपैकी एक १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेले. असो. ती खोली आज रिकामी आहे, लोक रांग लावून बघतात. घर मात्र अजून 'राव्हूची खानावळ' म्हणूनच ओळखले जाते. माझा मुद्दा एवढाच आहे.

साहेब, आपल्या गिरणगावातही राव्हू होते. बहुतेक बायका. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या गड्यांना त्यांनी पिढ्यानपिढ्या जेवू घातले, १९८२ च्या संपात उधारीवरसुद्धा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अशाच बायकांना घेऊन 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. ते महापालिकेचे, हे ठाऊक आहे, पण तुमच्या शब्दाला वजन आहे. तिथे मागांच्या शेजारी एक खानावळ मांडा: चूल, पितळी परात, भिंतीला टेकून बसायचे पाट. आणि दारावर चालवणारीचे नाव.

माझ्या आजीची खाड्यांची वही आमच्याकडे अजून आहे. महिनाअखेर कोणाचे किती खाडे वजा करायचे, ते तिने रेघा मारून ठेवलेले. काहींच्या पुढची बाकी तशीच राहिली आहे. माणूस पाठवलात तर वही काढून ठेवतो.

आपला,
एका खानावळवालीचा नातू