तिरपी अक्षरं जागेवर आणून देणाऱ्या ताईंना

म्हापसा

ताई, सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या संकेतस्थळावरचं आपल्या भागातल्या झाडाझुडपांच्या यादीचं पान आता डोळ्यांना खटकत नाही. भिरंड, माट्टी, सर्पगंधा ही नावं ताठ उभी आहेत आणि त्यांच्याशेजारची लॅटिन नावं नियमाप्रमाणे कललेली. हे सगळं तुमच्यामुळे झालं. देव बरें करूं! आभार चारचौघांत मानायचं कारण एवढंच, की मराठी, नागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी आणि पोर्तुगीज एकाच पानावर नांदवणारे गोव्यात आम्ही एकटे नाही. तुम्ही दाखवलेल्या गोष्टी त्यांच्याही कामाला याव्यात.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, ‘मुळात तिरपं काय करायचं?’ वनस्पतीच्या नावात फक्त वंश आणि जाती. ‘गार्सिनिया इंडिका’ हे दोन शब्द तिरपे, पुढे येणारं नाव देणाऱ्याचं संक्षिप्त नाव उभं, कुळाचं नावही उभंच. मध्ये प्रकार दाखवणारा ‘व्हार’ आला तर तोसुद्धा उभा. असल्या नावांना ‘आय’ टॅग (मजकुराभोवती घालायची एचटीएमएलची खूण) आणि भाषा ‘एलए’, म्हणजे लॅटिन. ‘ईएम’ टॅग बोलताना आपण ज्या शब्दावर जोर देतो त्याच्यासाठी, आणि ‘साइट’ टॅग ग्रंथाच्या नावासाठी. तिन्ही टॅग ब्राउझर आपणहून तिरपे करतो, म्हणून ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मराठीत ग्रंथाचं नाव एकेरी अवतरणात घालायची चाल आहे. ती अवतरणं सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांच्या) ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’मधून न आणता मजकुरातच टंकायला लावलीत, कारण तिथून आलेली चिन्हं मजकूर कॉपी करताना मागे राहतात.

पण खरा घोळ देवनागरीत होता. ‘फॉन्ट-स्टाइल: इटालिक’ म्हटलं की ब्राउझर आधी त्या फॉन्टची इटालिक फाइल शोधतो. ती नसली तर ऑब्लिक, म्हणजे उभ्याच अक्षरांचं तिरपं रूप, बघतो. तीही नसली तर उभी अक्षरं स्वतःच ढकलून तिरपी करतो. नोटो सॅन्स देवनागरी, मुक्त, हिंद यांपैकी कशातच इटालिक नाही, त्यामुळे पानावर दिसत होती ती सगळी ढकललेली अक्षरं. कोन दिला नसेल तर सीएसएसच्या मानकात तो १४ अंश धरला आहे, म्हणजे तळरेषेपासून जितकं वर जावं त्याच्या पावपट उजवीकडे. शिरोरेषा तळापासून १२ पिक्सेल वर असेल तर ती ३ पिक्सेल उजवीकडे सरकते, आणि ४ पिक्सेल खाली लोंबणारा उकार १ पिक्सेल डावीकडे जातो.

रोमनमध्ये हे चालून जातं, मराठीत का चालत नाही, ते तुम्ही एका शब्दावर दाखवलंत. शब्द होता ‘सर्पगंधेला’. टॅग फक्त ‘सर्पगंधे’भोवती होता, प्रत्यय ‘ला’ बाहेर. तिरप्या ‘धे’ची शिरोरेषा वर ‘ल’च्या अंगावर चढलेली, खाली मात्र सगळं जागच्या जागी; शब्दाच्या सुरुवातीला याच्या उलट, वर फट. मराठीत नामाला प्रत्यय चिकटतोच. म्हणजे तिरपं नाम आणि उभा प्रत्यय हा सांधा दर दुसऱ्या ओळीत येणार. टॅग प्रत्ययापर्यंत ओढला तर हा सांधा जातो, पण मग पुढचा कंस किंवा अवतरणचिन्ह मार खातं.

खऱ्या इटालिकचं मूळ भरभर लिहिण्याच्या वळणात आहे. व्हेनिसला आल्दुस मानुतियुसने १५०१ साली त्या वळणात अख्खं पुस्तक छापलं, त्याचे ठसे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले होते. आपल्याकडे धावत्या हाताचं काम मोडीने केलं, नागरी ताठच राहिली. म्हणून तिरपी नागरी हवीच असेल तर ती कोणीतरी मुद्दाम रेखाटलेली हवी. ‘तिरो देवनागरी मराठी’मध्ये तशी इटालिक आहे, हे तुमच्याकडूनच कळलं. यादीसाठी मात्र तुम्ही ती नको म्हणालात. बारीक आकारात लांबलचक यादी वाचायची तर उभी नागरीच बरी, हे आम्हालाही पटलं.

आमचा आधीचा उपाय भाषेवरून होता: ‘लँग’ निवडकात (नियम कशाला लागू हे ठरवणाऱ्या भागात) ‘एमआर’ म्हणजे मराठी आणि ‘केओके’ म्हणजे कोंकणी घालून दोन्हींना ‘फॉन्ट-स्टाइल: नॉर्मल’. मराठी सरळ झाली, नागरी कोंकणीही झाली, आणि तिच्यापाठोपाठ रोमी कोंकणीसुद्धा! कारण ‘केओके’ हा निवडक ‘केओके-लॅटन’लाही, म्हणजे रोमी कोंकणीलाही, लागू पडतो. पुढे रोमीसाठी वेगळा नियम लिहून इटालिक परत आणता येतं. दोन्ही नियमांचा अग्रक्रम सारखा असल्यामुळे तो नियम खालीच हवा, वर गेला तर काही उपयोग नाही. तुम्ही हे सगळं पुसायला लावलंत. तिरपेपणा भाषेवर नाही, लिपीवर अवलंबून आहे, तेव्हा तो फॉन्टच्या जाहीरनाम्यातच ठरवायचा, हे तुमचं म्हणणं.

कृती तशी छोटी आहे. एकाच कुटुंबनावाखाली चार ‘फॉन्ट-फेस’, म्हणजे फॉन्टच्या नोंदी, लिहायचे. रोमनची उभी फाइल ‘नॉर्मल’ म्हणून, रोमनची इटालिक फाइल ‘इटालिक’ म्हणून. देवनागरीची उभी फाइल दोनदा: एकदा ‘नॉर्मल’, एकदा चक्क ‘इटालिक’. देवनागरीच्या दोन्ही नोंदींत युनिकोड-रेंज (फाइल कुठल्या अक्षरांसाठी ते सांगणारा पल्ला) ०९०० ते ०९७एफ, आणि जोडीला २००सी-२००डी. हे शेवटचे दोन म्हणजे जोडाक्षरं जोडणारी आणि तोडणारी अदृश्य चिन्हं; ती राहून गेली तर काही जोडाक्षरांत मध्येच फॉन्ट बदलतो. यानंतर तिरप्या ओळीत नागरी आली की ब्राउझरला ‘इटालिक’ म्हणून नोंदलेली फाइल सापडते, आणि ढकलायचं कारणच उरत नाही. पत्ता एकच असल्याने फाइल दोनदा उतरवलीही जात नाही. थोडी लबाडी आहे खरी, पण सोयीची.

यावर तुम्ही आणखी एक कडी घालायला लावलीत: ‘फॉन्ट-सिंथेसिस: वेट’. आमचा फॉन्ट उतरलाच नाही तर विंडोजवर निर्मला यूआय पुढे येतो, त्यालाही इटालिक नाही, म्हणजे पुन्हा ढकलाढकल. या ओळीमुळे कृत्रिम जाडी चालू राहते आणि कृत्रिम तिरपेपणा बंद होतो. इथे ‘नन’ लिहिण्याची चूक सर्रास होते. मग ठळक फाइल नसलेल्या फॉन्टातला जोरही नाहीसा होतो आणि कारण लवकर सापडत नाही. क्रोममध्ये हा गुणधर्म ९७व्या आवृत्तीपासून आहे, फायरफॉक्स आणि सफारीत त्याच्या कितीतरी आधीपासून.

हीच ओळ तपासणीलाही कामाची. मूळ घटकावर ‘फॉन्ट-सिंथेसिस: नन’ घालून पान पुन्हा उघडायचं; जे ताठ झालं ते सगळं नकली होतं. आमच्या पानावर रोमनसुद्धा ताठ झालं, कारण गुगल फॉन्ट्सच्या दुव्यात फक्त उभी ४०० (साध्या जाडीची) मागवली होती. ‘इटल’चा शून्य (उभी) आणि एक (इटालिक) असे दोन्ही संच मागवल्यावर खरी इटालिक आली. नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं तर सेरिफ फॉन्टात रोमन छोटं ‘ए’ बघावं. उभ्या वळणात त्याच्या डोक्यावर छत्री असते, खऱ्या इटालिकमध्ये बहुतेक वेळा ती जाते. ढकललेल्यात छत्री तशीच राहते, फक्त कलते.

पोर्तुगीज नावांतला घोटाळा याच्या उलट होता. ‘ब्रिंदांव’ प्रमाणाबाहेर आडवं पडलेलं दिसत होतं. फाइल इटालिकच होती, पण नोंदीत ‘फॉन्ट-स्टाइल’ लिहायचं राहिलं होतं. ते नसलं की ब्राउझर फाइल उभी समजतो आणि कललेल्या अक्षरांना आणखी १४ अंश ढकलतो. आम्ही मात्र तिल्दवाल्या (वर नागमोडी चिन्ह असलेल्या) अक्षरावर संशय धरून वाढीव लॅटिन संच मागवत बसलो होतो. ती अक्षरं साध्या लॅटिन संचातच असतात.

मथळ्याच्या तिरप्या पट्टीबद्दलही आभार, जरी तिथे तुम्ही आम्हाला जरा फैलावर घेतलंत. ‘ट्रान्सफॉर्म: स्क्यूएक्स’ हा तिरपं ढकलणारा नियम ओळीतल्या साध्या शब्दाला लागतच नाही, त्याला ‘इनलाइन-ब्लॉक’ करावं लागतं, आणि मग तो शब्दसमूह ओळीअखेर नीट तुटत नाही. पट्टी तिरपी पण आतली नागरी उभी हवी, तर बाहेरच्या डब्याला उणे १२ अंश आणि आतल्याला अधिक १२. चिन्हांचा गोंधळ तुम्ही कागदावर लिहून दिलात तो भिंतीवर लावला आहे: उजवीकडे कलण्यासाठी ‘ऑब्लिक’ला अधिक, ‘स्क्यूएक्स’ला उणे, आणि व्हेरिएबल फॉन्टच्या (एकाच फाइलीत अनेक रूपं असलेल्या) ‘स्लन्ट’ अक्षालाही उणे. त्या अक्षाला थेट हात न लावता ‘ऑब्लिक १० अंश’ लिहायचं आणि फॉन्टच्या नोंदीत ‘ऑब्लिक ० ते १० अंश’ असा पल्ला द्यायचा, हे त्याच्याखाली लाल शाईत आहे.

राहता राहिला मराठीतला जोर. ‘ईएम’ला आता मराठीत ६०० वजन (जाडी) आहे, ६००ची फाइल खरोखर जोडून. अक्षरांतलं अंतर वाढवून जोर आणायचा आमचा बेत तुम्ही वेळीच हाणून पाडलात. ‘लेटर-स्पेसिंग’ने शिरोरेषेचे तुकडे पडतात. तिरप्या रोमनचं शेवटचं अक्षर जिथे डब्याच्या काठाला कापलं जात होतं, तिथे शेवटच्या बाजूला ०.१ ईएम (इथे टॅग नव्हे, मापाचं एकक) पॅडिंग दिलं आहे. तेवढं पुरतं.

यादीत ओंवळीचं पान अजून जोडायचं आहे. त्यात चारही भाषा येतात, तेव्हा पुन्हा एकदा नजर टाकाल ना?

आपली,
वाचनालयाचं संकेतस्थळ सांभाळणारी मंडळी