डागाचे वजन नोंदले जाते, घडवणाऱ्याचे नाव का नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने एक लाख रुपयांची पायरी ओलांडली आणि त्याच वर्षी जुलैत भारतीय मानक ब्युरोने ९ कॅरेटचे, म्हणजे हजार भागांत ३७५ भाग सोने असलेले दागिनेही हॉलमार्किंगच्या कक्षेत आणले. या दोन्ही बातम्यांवर सांगली-मिरजेत पुष्कळ चर्चा झाली, पण ती सारी भाव अजून किती चढणार आणि लग्नातले डाग, म्हणजे दागिने, कसे भागवायचे याभोवतीच फिरत राहिली. दागिना तराजूत तोलून विकला जात असला तरी तो कोणाच्या तरी हातून घडलेला असतो, आणि सोने आवाक्याबाहेर गेले की त्या हाताचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. युरोपात हा प्रश्न निराळ्या कारणाने का होईना, साठ वर्षांपूर्वी विचारला गेला आणि त्यातून दागिन्यांची एक वेगळीच कला उभी राहिली. तिच्याकडे पाहून आपल्या जिल्ह्याला काय करता येईल, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जर्मनीतील म्युनिक येथे दरवर्षी हस्तव्यवसायांचा एक मोठा व्यापारी मेळा भरतो. त्याच मेळ्यात १९५९ पासून ‘श्मुक’ नावाचे दागिन्यांचे प्रदर्शन भरत आले आहे. ते सुरू करणाऱ्या हर्बर्ट हॉफमान यांच्या नावाने १९७३ पासून पारितोषिकही दिले जाते, आणि त्या आठवड्यात शहरभर गॅलऱ्यांतून आणि मिळेल त्या जागेत दागिन्यांची लहानमोठी प्रदर्शने लागतात, ज्यांसाठी जगभरातून दागिनेकार, विद्यार्थी आणि संग्राहक येतात. मला यात विशेष वाटते ते असे की, हे प्रदर्शन एखाद्या कला अकादमीने कारागिरांपासून फटकून वेगळे मांडलेले नाही. ज्या मेळ्यात लाकडाची आणि लोखंडाची कामे करणारे आपला माल घेऊन बसतात, त्याच मेळ्यात ते भरते आणि कारागिरांच्याच संघटनेच्या आश्रयाने चालते. पुढे २००४ मध्ये त्याच शहरातील आधुनिक कलेच्या संग्रहालयात दागिन्यांसाठी कायमचे दालनही उघडले.

तेथे काय मांडले जाते, हे ऐकून आपला सराफ हसेल आणि त्याचे हसणे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही. टेड नोटेन या डच दागिनेकाराने लोकांना च्युइंगम चघळायला दिले आणि चघळलेल्या तुकड्याला जो आकार आला त्याचे धातूत ओतकाम करून ब्रोच बनवले. (साडीला पदराची पिन पुरते अशा आपल्या गावात ब्रोच कोण लावणार, हा भाग वेगळा.) त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, खाइस बाकर आणि एमी व्हान लेरसुम या डच दांपत्याने अॅल्युमिनियमची मोठमोठी गळ्यातली केली. दागिना हा घालणाऱ्याच्या श्रीमंतीचा फलक असता कामा नये, ही त्यामागची भूमिका होती. या सगळ्या कामांत मला सर्वांत बोलके वाटते ते दागिनेकार ओटो क्युन्झली यांचे १९८० चे कडे. काळ्या रबराची साधी नळी आणि तिच्या आत सोन्याचा एक गोळा, एवढीच त्याची रचना. सोने दिसत नाही. नळीला एका जागी आलेला फुगवटा तेवढा दिसतो, आणि आत खरोखर सोने आहे की नाही याबाबत घडवणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. त्या कड्याचे नावच ‘सोने आंधळे करते’ असे आहे.

आता आपल्या घरातली जुनी बोरमाळ घ्या. सोन्याचा कागदासारखा पातळ पत्रा ठशात ठोकून त्याच्या अर्ध्या वाट्या करायच्या, दोन वाट्या झाळून, म्हणजे डाख देऊन जोडून, एक मणी करायचा आणि तो चेपू नये म्हणून त्याच्या पोटात गरम लाख भरायची, अशी ती घडते. झाळ जरा जास्त तापली तर पत्रा वितळतो आणि कमी तापली तर सांधा उघडा राहतो. मणी तेवढ्यावर तरतो किंवा बुडतो. क्युन्झलींनी सोने आत दडवले आणि आपल्या सोनाराने ते बाहेर ठेवून आत लाख भरली, पण दोन्ही ठिकाणी थोड्या सोन्यात मोठे काम करणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे कसब. फरक दिसतो तो डाग मोडायला नेल्यावर. सराफ प्रथम लाख वजा करतो, मग झाळ वजा करतो, आणि उरलेल्या सोन्याचे पैसे हातावर ठेवतो. ज्या कसबामुळे दोन ग्रॅमचा पत्रा गळाभर माळ होऊन मिरवला, त्याची किंमत त्या हिशेबात शून्य असते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मला मान्य आहे. आपल्याकडे सोने हे बाईचे स्त्रीधन आहे. जत-आटपाडीकडे पाऊस गेला की पाटल्या तारण ठेवून बियाणे आणले जाते, आणि दवाखान्याचे बिल भरायला मंगळसूत्राच्या वाट्यांखेरीज दुसरे काही नसते. पेन्शनची हमी असलेल्या माणसाने रबराचे कडे घालून सोन्याची थट्टा करणे आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या बायकोला तसे करायला सांगणे यांत फार अंतर आहे. तेव्हा सोने सोडा, असे मी म्हणत नाही. सोन्याच्या ठेवीशेजारी कसबाच्या दागिन्यालाही, मग तो चांदीचा असो, तांब्या-पितळेचा असो किंवा ९ कॅरेटचा असो, वेगळी जागा आणि वेगळा मोबदला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मोबदल्याची आजची रीत मात्र नेमकी उलटी आहे. गिऱ्हाइकाकडून घडणावळ बहुतेक दुकानांत सोन्याच्या किमतीच्या टक्केवारीने घेतली जाते, म्हणजे भाव चढला की तीही आपोआप चढते. सराफ कट्ट्याच्या आसपास माडीवरच्या खोलीत बसून काम करणाऱ्या कारागिराला, तो आपल्याकडचा असो की बंगालातून आलेला, मजुरी साधारणपणे ग्रॅमवर मिळते. परिणामी जड, ओबडधोबड तोड्याला जास्त पैसे आणि नजर फोडून केलेल्या हलक्या ठुशीला कमी, असा न्याय होतो. सोने महागल्यामुळे आता सर्वांना हलके डाग हवे आहेत. म्हणजे काम अधिक नाजूक आणि मजुरी आणखी कमी. तरुण पोरांनी या धंद्यात का यावे, याचे उत्तर मला तरी देता येत नाही.

हॉलमार्किंगने ग्राहकाची फसवणूक कमी झाली, याबद्दल सरकारला धन्यवाद द्यायलाच हवेत. जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक डागावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण सक्तीची झाली. ती खूण मोबाइलवरच्या अॅपमध्ये टाकली की डागाची शुद्धता, विकणारा सराफ आणि तपासणी करणारे केंद्र यांची माहिती समोर येते. तो डाग घडवला कोणी, हे तेवढे येत नाही. इतकी बारीक व्यवस्था उभी राहिलीच आहे, तर तिच्यात कारागिराच्या नावासाठी एक रकाना वाढवणे अवघड नसावे. सराफांनी ठरवले तर कायद्याची वाट न पाहता पावतीवर ते नाव आजही लिहिता येईल.

नाव लिहिल्याने काय साधते, याचा पुरावा मिरजेत आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून येथे सतारमेकर तयार झाले आणि आज देशातला कोणताही गवई तंबोरा हातात घेताना तो कोणाच्या हातचा, हे आधी विचारतो. भोपळ्याच्या वजनावर तंबोऱ्याची किंमत कोणी ठरवत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची ही नावाने ओळखण्याची रीत आहे. मिरजेपासून काही मैलांवर असलेल्या सांगलीच्या सराफ पेठेला, जेथे गाडगीळांची पेढी १८३२ मध्ये सुरू झाली, एवढा जुना वारसा आहे. परंतु त्या पेठेत ज्यांच्या हातून डाग घडले, त्या सोनारांपैकी पाच नावेही आज कोणाला सांगता येणार नाहीत.

सोन्याची शुद्धता उतरण्याचा प्रसंग आपल्याकडे पहिल्यांदा आलेला नाही. जानेवारी १९६३ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने करण्यास बंदी झाली. हजारो सोनारांचे काम बसले, कित्येकांनी ऐरण बाजूला ठेवून दुसरा धंदा धरला. नियम पुढे सैल झाले, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला, पण तुटलेली परंपरा पुन्हा जोडली गेली नाही. त्या वेळी कमी कसाच्या सोन्यात देखणे काम कसे करायचे, हे शिकवायला कोणी पुढे आले असते तर काही घरे वाचली असती, असे मला वाटते. आज ९ कॅरेट हुकुमाने आलेले नाही, भावामुळे आले आहे, आणि तयारीला वेळ आहे.

तयारी म्हणजे काय? एक तर चित्र-शिल्प शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी आणि सोनारकाम करणाऱ्यांनी एकत्र बसले पाहिजे. नेदरलँड्समधील नायमेखन येथील मार्झे गॅलरी दरवर्षी जगभरच्या कलाशाळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचे दागिने मांडते. तशा प्रदर्शनाला फार मोठे भांडवल लागत नाही. सांगली, सातारा आणि चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेली शेजारची हुपरी मिळून वर्षातून एक आठवडा एवढे करू शकतील. अट एकच असावी की मांडलेल्या वस्तूवर धातूचे वजन लिहायचे नाही, घडवणाऱ्याचे नाव आणि त्याने मागितलेली किंमत लिहायची.

लोक पाहायला येतील का, अशी शंका घेणाऱ्यांनी जुलै २०२४ नंतरचे सातारा आठवावे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे तेथील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली, तेव्हा मुठीत मावेल एवढी ती वस्तू पाहण्यासाठी गावोगावची माणसे आली. अर्थात ती इतिहासावरच्या श्रद्धेपोटी आली, कारागिरीसाठी नव्हे, हे मी जाणतो. तरीही काचेआडची लहानशी धातूची वस्तू वाकून, निरखून पाहण्याची सवय आपल्या लोकांना नाही, असे आता म्हणता येणार नाही. लंडनच्या त्याच संग्रहालयात दागिन्यांचे स्वतंत्र दालन आहे आणि तेथे राजेरजवाड्यांच्या जडजवाहिराबरोबर आजच्या कलावंतांची कामेही आहेत.

तिकडे सारे आलबेल आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९७६ मध्ये पॉल डेरेझ यांनी ॲमस्टरडॅममध्ये उघडलेली आणि या क्षेत्रात आधारवड मानली गेलेली गॅलरी रा २०१९ मध्ये बंद झाली. अमेरिकेत संग्राहक हेलन ड्रट यांचा अशा दागिन्यांचा संग्रह २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयाकडे गेला, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांकडेही असे संग्रह आले. वस्तू सुरक्षित झाल्या हे चांगलेच, पण पेटीत गेलेला दागिना अंगावर येत नाही आणि नवे घेणारे मिळाले नाहीत तर घडवणाऱ्याची चूल पेटत नाही. म्हणून प्रदर्शनाबरोबर विक्रीचा विचार पहिल्या दिवसापासून हवा.

शेवटची सूचना आपल्या जिल्ह्यातील गलाई व्यावसायिकांना आहे आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या खटाव-माण या कोरडवाहू तालुक्यांतली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. केरळपासून पंजाबपर्यंत बाजारपेठेत विट्याकडचे मराठी कानी पडते. भारतातील मोडीचा केवढा तरी माल आमच्या माणसांच्या मुशीत पडतो. वितळण्याच्या क्षणापर्यंत त्या डागाला आकार असतो, नक्षी असते, क्वचित मागच्या बाजूला सोनाराने मारलेली खूण असते. पुढच्या काही मिनिटांत त्याची लगड होते. भाव असाच चढत राहिला तर जुने डाग अधिक वेगाने येतील. प्रत्येक जुना, हाताने घडवलेला डाग मुशीत टाकण्यापूर्वी मोबाइलवर त्याचे पुढून आणि मागून एकेक छायाचित्र घ्यावे, शेजारी माप कळण्यासाठी एक नाणे ठेवावे, आणि वजन, धातू, डाग कोणत्या भागातला आहे व त्याला तेथे काय म्हणतात, एवढे लिहून ठेवावे. पुण्याच्या केळकर संग्रहालयातील अडकित्ते आणि दिवे एका माणसाच्या अशाच वेडातून जमले. गलाई बांधव तर हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांच्या संघटनांनी विट्यात ही छायाचित्रे एकत्र ठेवण्याची सोय केली, तर कोणत्याही संग्रहालयाला पैसे मोजून मिळणार नाही असा नमुन्यांचा साठा येथील कारागिरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती येईल.

त्यात एक पथ्य पाळावे लागेल. डाग कोणी मोडला त्याचे नाव, गाव किंवा चेहरा या नोंदीत कोठेही येता कामा नये, आणि सराफाकडून माल येत असेल तर त्याला तसे आधी सांगून त्याची संमती घ्यावी. घरातला डाग मोडण्याची वेळ कोणावर कशी येते, हे गलाईच्या भट्टीपुढे बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
विश्रामबाग, सांगली