‘आप्पांशी कोण भांडलं असतं, ताई?’

तीर्थस्वरूप काका यांस,
सा. न. वि. वि.

(घरच्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ आणि बाहेरच्यांना ‘तीर्थस्वरूप’, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून मायना जपून लिहिलाय.)

परवा आप्पांचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, मांडव उतरला, आणि मी ओसरीवर बसून, आप्पांवर लिहून तुमच्याकडे छापून घेतलेल्या पुस्तिकेचं पहिलं पान पुन्हा उघडलं. रडू आलं ते आप्पांच्या आठवणीनं की तुमच्या, मलाच कळेना. छापखान्यातून निघताना तुम्हाला धड नमस्कारही केला नव्हता. एसटी चुकेल म्हणून गठ्ठे उचलून पळाले होते. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

तुमच्यासमोर मजकूर ठेवला तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘आमचे आप्पा म्हणजे पंचक्रोशीतील एक निर्विवाद व्यक्तिमत्त्व.’ मला ते फार भारदस्त वाटत होतं. तुमच्याआधी ते तिघांनी वाचलं होतं. त्यातल्या एका प्राध्यापक पाहुण्यांनी तर फोनवरून ‘सुंदर!’ म्हणून दाद दिली; वाचलं होतं की नाही, देव जाणे. शब्द मी उचलला होता आप्पा गेले तेव्हाच्या पेपरातल्या बातमीवरून. तिथं ‘निर्विवादित नेतृत्व हरपले’ असं छापलं होतं. आणि त्याच्याही फार आधी, नववीत, हाच शब्द माझ्या निबंधात चुकला होता. गुरुजींनी लाल शाईनं त्याला गोल केला, वाक्य वर्गात वाचून दाखवलं, पोरं हसली. काय चुकलं ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या लाल गोलानं मला भाषा शिकवली नाही, भाषेची धास्ती शिकवली.

तुमच्या हातात पेन्सिल होती. ‘निर्विवाद’भोवती तुम्ही इतकी फिकी रेघ ओढलीत की खोडली असती तर मागमूस राहिला नसता. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, ‘आप्पांशी कोण भांडलं असतं, ताई?’

मला हसूच आलं. म्हटलं, कोण नाही ते विचारा! बांधावरून चुलतभावाशी दावा. विहिरीच्या पाळीवरून शेजाऱ्याशी अबोला. देवळाच्या वर्गणीचा हिशेब मागून निम्म्या गावाशी तंटा. तलाठ्याकडच्या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, त्या सहा-अ मध्ये, आमचा गट नंबर कायमचा वस्तीला. मशीन धडधडत होतं, बाहेर लग्नपत्रिकेवाले खोळंबले होते, आणि तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत. एकदाही हसला नाहीत. मग म्हणालात, ‘बरं. मग त्यांचं निर्विवाद असं काय होतं?’

आणि पेन्सिल माझ्यापुढे केलीत. टोक स्वतःकडे, मागची बाजू माझ्याकडे, विळी-सुरी देताना देतात तशी.

काका, मी अडकलेय ती इथंच. वाक्य तुम्ही दोन मिनिटांत दुरुस्त करू शकला असता. उभा जन्म प्रूफं तपासण्यात गेलेला माणूस, काकपद टाकायचं, वर शब्द लिहायचा, पुढचं पान. पण बापाबद्दलचं वाक्य लेकीच्याच हातून व्हावं म्हणून तुम्ही थांबलात, आणि खुर्ची फिरवून पत्रिकेवाल्यांशी बोलत बसलात. माझ्याकडे कुणी बघत नाही एवढी सवड दिलीत.

मी लिहिलं: ‘आप्पांचे वाद अनेक झाले. त्यांचा प्रामाणिकपणा मात्र निर्विवाद होता.’

तुम्ही वाचलंत आणि नुसती मान डोलावलीत. मग चहा आला आणि चहासोबत जे सांगितलंत ते मी आता लेकीला घोकून घेते. निर्विवाद असतो तो हक्क, ते सत्य, ते वर्चस्व, एखाद्याचा मोठेपणा. नुसतं ‘निर्विवाद माणूस’ म्हटलं की वाचणारा विचारतो, अहो, कशाबाबत? ज्याचं कुणाशी वैरच नाही तो अजातशत्रू, आणि आप्पा ते नव्हते. बिनविरोध वेगळं. आप्पा सोसायटीवर एकदा बिनविरोध निवडून आले ते बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले म्हणून. विरोध घरोघरी होताच. आणि ‘निर्विवादित’ कशाला? ‘निर्’ लागला तिथंच वाद संपला, वर ‘इत’ची शेपटी नको. ‘निर्दोष’ म्हटल्यावर ‘निर्दोषी’ कशाला, तसंच. अगदीच ‘इत’ हवा असेल तर ‘अविवादित’ म्हणा.

मग तुम्ही माझी परीक्षाच घेतलीत. कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर? निर्विवाद, १,६४६ मीटर, मोजून झालंय. कोल्हापूरची मिसळ सर्वांत चांगली? मी ‘निर्विवाद’ म्हणून मोकळी झाले, तर पत्रिकेवाल्यांतला एक नाशिकचा निघाला आणि तिथंच जुंपली. सचिनची १०० आंतरराष्ट्रीय शतकं? निर्विवाद. सचिनच सर्वश्रेष्ठ फलंदाज? माझ्यापुरता हो, पण शब्द जपून. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला हे निर्विवाद. त्याची सीमा मात्र नाही, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. ‘आप्पांच्या बांधासारखाच,’ मी म्हटलं, आणि तेव्हा कुठं तुम्ही पहिल्यांदा हसलात.

आता हा शब्द जिथं तिथं खुपतो. भाषणांत तर पीकच आलंय, ‘निर्विवादपणे सांगतो’ म्हणून जो तो हवं ते रेटतो. वाद असू शकतो हे कबूल करायचं नसलं की हा शब्द बरा पडतो. तुमचा तो प्रश्न तिथं मोठ्यानं विचारावासा वाटतो, कोण भांडलं असतं?

चांगुलपणा म्हणजे काहीतरी भलंमोठं, सत्कारबित्कार होण्याजोगं, असं मला वाटायचं. पण ज्याला जास्त कळतं त्यानं ते समोरच्याला खाली न बघायला लावता सांगणं किती दुर्मीळ आहे! आमच्या गुरुजींना ते जमलं नाही, प्राध्यापकांना तेवढीही सवड नव्हती. तुम्ही तर प्रूफाचे पैसेही वेगळे लावले नाहीत. बिल घरी येऊन पाहिलं तेव्हा कळलं.

एक सांगायचं राहिलं. वर्षश्राद्धाला बांधाच्या दाव्यातले चुलतकाका आले होते. येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पंगतीला बसले नाहीत. ओसरीच्या कडेला टेकून पुस्तिका चाळत होते. पहिल्या पानावर बराच वेळ थांबले. मग मला हाक मारली आणि त्या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हे बरोबर लिहिलंस पोरी. ह्यावर माझा वाद नाही.’

पुस्तिकेच्या पाच प्रती वेगळ्या ठेवल्यात. पुढच्या आठवड्यात कराडला येईन तेव्हा घेऊन येते. पेन्सिलही आणते, त्या गडबडीत माझ्याच पिशवीत आली होती.

आपली नम्र,
आप्पांची धाकटी