चंद्रतालच्या वाटेवरच्या अनोळखी माणसांचे आभार

मनालीहून हिमाचलातल्याच चंद्रताल या उंचावरच्या तळ्याचा रस्ता सांगायला सोपा: अटल बोगदा, ग्रामफू, छतरू, बातल, आणि पुढे फाट्यावरून तळ्याकडे. पण ऊन चढलं की बर्फ वितळून नाले फुगतात. अशाच एका नाल्यात आमची गाडी अडकली. मागच्या ट्रकचा क्लीनर न सांगताच उतरला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या बर्फगार पाण्यात उभा राहिला, पायाने दगड चाचपले, दोन बाजूला सारले आणि चाक कुठून घ्यायचं ते हाताने दाखवलं. पैसे पुढे केले तर हसून ट्रककडे चालता झाला!

कॅम्पवरच्या ताई, तुमचेही आभार. माझं डोकं ठणकतंय हे तुम्ही चेहऱ्यावरूनच ओळखलंत. एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त चढल्यावर दुसरं काय होणार? रात्री दोनदा येऊन विचारपूस केलीत.

काठावर तंबू टाकायला बंदी आहे (२००५पासून हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे), गाडीही अलीकडेच थांबते. तिथून धाप लागलेल्या आईला हात धरून तळ्यापर्यंत नेणाऱ्या दादांनो, आई अजून तुमचं नाव विचारते. जाणाऱ्यांनो, मनालीहून पहाटेच निघा.