सहा मतांसाठी किती वर्षं भांडायचं?

मा. राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

माझी धाकटी जाऊ डिसेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावी थेट सरपंचपदासाठी उभी होती. सहा मतांनी पडली. निकालाविरुद्ध १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो, तो तिने चौदाव्या दिवशी केला. त्याला तीन वर्षं उलटून गेली. तारखा पडताहेत आणि घरात रोज एकच वाद चालू आहे: केस चालवायची की मागे घ्यायची?

वाद एका वहीवरून आहे. माझा पुतण्या मतमोजणी प्रतिनिधी होता. मशीनचं रिझल्टचं बटण दाबलं की एक कर्मचारी आकडा मोठ्याने वाचायचा, दुसरा तक्त्यात लिहायचा, आणि हा जाळीअलीकडून शंभर पानी वहीत उतरवून घ्यायचा. त्याच्या वहीत तिसऱ्या केंद्रासमोर जावेच्या नावाला २१९ मतं आहेत. निकालाच्या तक्त्यात २११. फरक आठाचा आणि हार सहाची.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. घाईत काढलेला १ कधी ९ वाचला जातो आणि ९ कधी १, हे मला कोणी सांगायला नको. लबाडी झाली असं मी म्हणत नाही. पुतण्याच्या ऐकण्यातच चूक झाली असेल, बाहेर ढोल वाजत होते. त्याने फेरमोजणी मागितली तेव्हा लेखी अर्ज द्या म्हणाले, आणि तो कागद शोधेपर्यंत निकाल जाहीर झाला. जाहीर झाला की टेबलावरचा विषय संपतो, मग कोर्टाची पायरी.

साहेब, हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावाची गोष्ट आपल्याला माहीत असेलच. तिथली निवडणूकही २०२२ चीच, नोव्हेंबरमधली. एका केंद्रावर दोन उमेदवारांच्या मतांची अदलाबदल झाली आणि हरलेला सरपंच ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे मशीनं मागवून निबंधकांसमोर पुन्हा मोजणी झाली, चित्रीकरणासह, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ५१ मतांनी निकाल फिरला. एका गावाच्या सरपंचाला दिल्लीपर्यंत जावं लागलं, तेही पावणेतीन वर्षांनी. त्याने मधेच हात टेकले असते तर ती अदलाबदल कधी उघडकीला आली असती?

‘सोडून द्या आता’ म्हणणाऱ्यांचं मला कळतं. सरपंचपदाची मुदत किती राहिली आहे, वकिलाची फी किती झाली, सगळं खरं आहे. मलाही अंत नसलेलं भांडण नको आहे. २०२४ ला वायव्य मुंबईत लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला. हरलेल्या उमेदवाराची याचिका उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात फेटाळली. त्या माणसाला सहा-साडेसहा महिन्यांत ‘नाही’ असं उत्तर तरी मिळालं. लोकसभा-विधानसभेच्या याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच लिहिलं आहे. आम्हाला अजून ‘नाही’सुद्धा मिळालेलं नाही.

आणि गावात काय झालं ते बघा. दोन्ही पॅनल एकाच भावकीतली. पूर्वी फवारणीचा ब्लोअर बिघडला की आमच्या बागेत त्यांचा यायचा, छाटणीला मजूर वाटून घ्यायचो. आता बांधावर समोरासमोर आलो तरी माना खाली जातात. तीन संक्रांती झाल्या, जावेला त्या आळीतून हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. सहा मतांनी हे केलं नाही. त्या आकड्याचा निकाल लागत नाही, त्याने केलं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. फरक अगदी थोडा असेल तिथे कोणी मागो न मागो, निकाल जाहीर करण्याआधी सगळ्या मशीनचा रिझल्ट दोन्ही बाजूंच्या डोळ्यांदेखत पुन्हा दाखवावा आणि तक्त्याशी ताडून दोघांच्या सह्या घ्याव्यात. किती थोडा, ते आयोगाने ठरवावं. ग्रामपंचायतीला मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नसते, मशीनमधला आकडा हाच एक साक्षीदार. दहा-वीस मिनिटांचं काम आहे. संविधानाच्या २४३-के अनुच्छेदाने या निवडणुकांचं नियंत्रण आपल्याकडे दिलं आहे.

आमचं म्हणाल तर आम्ही केस मागे घेणार नाही, ते मशीन एकदा वाचलं जाईपर्यंत. त्यावर २११ दिसले तर वरच्या कोर्टात जाणार नाही. जावेने साडी आणि नारळ घेऊन ठेवला आहे, ती त्याच दिवशी सरपंचबाईंच्या घरी जाऊन त्यांची ओटी भरेल. पुढच्या तारखेला जुन्या सीबीएस बसस्थानकावरून सकाळच्या गाडीने मी निघणार आहे. वही माझ्याच पिशवीत आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक