बर्पी मोजायच्या कोणी?

महोदय,

अडथळ्यांच्या शर्यती आता पुण्या-मुंबईकडच्या तरुणांना नव्या राहिलेल्या नाहीत. हौशी मंडळींबरोबरच बक्षिसासाठी धावणाऱ्यांचा वेगळा गटही त्यांत असतो. मात्र अडथळा न जमलेल्या स्पर्धकाला होणारा दंड पुष्कळदा त्याच्या प्रामाणिकपणावर आणि स्वयंसेवकाच्या नजरेवर सोडून दिलेला असतो. त्याविषयी हे पत्र.

या दंडांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या स्पार्टन रेसच्या ३० बर्पी (हात टेकून पाय मागे फेकायचे, छाती जमिनीला टेकवायची आणि उठून उडी मारायची, असा व्यायाम). भाला लक्ष्यात रुतला नाही, की मारा ३० बर्पी; सरावलेल्या धावपटूचीही त्यात दीड-दोन मिनिटे सहज जातात. हौशी गटात याला माझी हरकत नाही, तिथे ती गंमतच असते. परंतु जिथे क्रमांक काढायचे असतात, तिथे सर्वांना सारखाच दंड झाला याची खात्री कोणी द्यायची? छाती जमिनीला टेकली पाहिजे आणि उडी मारताना दोन्ही पाय सुटले पाहिजेत, असे नियम सांगतो. प्रत्यक्षात विसाव्या बर्पीनंतर छाती चार बोटे वरच राहते आणि उडीच्या नावाखाली नुसत्या टाचा उचलल्या जातात. अशाच एका शर्यतीत मी स्वयंसेवक म्हणून मंकी बारपाशी, म्हणजे हातांनी लोंबकळत पार करायच्या आडव्या दांड्यांपाशी, उभा होतो. आठ-दहा जण एकाच वेळी चिखलात बर्पी मारत असताना कोणाची अठरावी आणि कोणाची चोविसावी, हे आम्हा दोघा स्वयंसेवकांना सांगता येणे शक्यच नव्हते. अशा वेळी पुऱ्या ३० मारणाराच मागे पडतो.

शिवाय मंकी बारवर हात सुटतो तो बहुधा पकड आणि खांदे थकल्यामुळे, आणि बर्पीचा भारही पुन्हा खांद्यांवरच येतो, त्यामुळे पुढची दोरी चढण्याआधीच स्पर्धक अर्धा गारद होतो. त्यातच पहिल्या तुकडीला कोरडे बार मिळतात आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला आधीच्यांच्या हातचा चिखल येतो, हे वेगळेच.

हिवाळी खेळांतल्या बायथलॉनने (स्कीइंग आणि नेमबाजीची एकत्र शर्यत) हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तिथे बहुतेक शर्यतींत चुकलेल्या प्रत्येक नेमामागे १५० मीटरची जादा फेरी मारावी लागते. अंतर ठरलेले, फेरी सर्वांच्या डोळ्यांदेखत, वादाला जागा नाही. स्पार्टननेही पुढे काही अडथळ्यांवर बर्पीऐवजी अशी फेरी आणली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ओसीआर (म्हणजे अडथळ्यांची शर्यत) वर्ल्ड चॅम्पियनशिप्सने तिसरी वाट धरली: हवे तितके प्रयत्न करा, पण अडथळा पार झाला नाही तर मनगटावरची पट्टी काढून द्या आणि पट्टी राखणाऱ्यांच्या खालचा क्रमांक घ्या. हा नियम कडक असला तरी स्वच्छ आहे. आपल्याकडे मात्र तो सरसकट लावू नये, कारण एकाच अडथळ्यापाशी रांग लागली की मागच्यांचा वेळ फुकट जातो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनातच २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील आधुनिक पेंटॅथलॉनचे (पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेचे) स्थान पक्के झाले आणि त्यात घोडेस्वारीची जागा अडथळ्यांच्या शर्यतीने घेतली आहे. त्यामुळे हा केवळ रविवारच्या विरंगुळ्याचा विषय उरलेला नाही.

माझी आयोजकांना विनंती एवढीच, की बक्षिसाच्या गटात बर्पीऐवजी मोजून आखलेली फेरी ठेवावी, ती सुरू करण्यापूर्वी अडथळ्याचा एक तरी खरा प्रयत्न सक्तीचा करावा (नाहीतर हिशेबी मंडळी अवघड अडथळा टाळून थेट फेरीच मारतील), आणि कोणत्या अडथळ्याला किती प्रयत्न, किती मीटरचा दंड व तक्रार कोणाकडे करायची, हे प्रवेश शुल्क घेण्यापूर्वीच लेखी कळवावे.

आपला,
एक स्वयंसेवक, पुणे