बाबा, घाट उतरताना आपली गाडी भरलेली असते

आई, बाबा,

नवीन पिकअप कुठली घ्यायची हे काल फोनवर बोलणं अर्धंच राहिलं म्हणून निवांत बसून लिहालोय. बाबा म्हणतात चोर्ल्याचा घाट हाय, पिकअपला मोठंच इंजिन पाहिजे, आणि आई म्हणते सगळं डिझेलातच गेलं तर घरात काय येणार.

आपला माल जातोय गोव्यात म्हापशाला. कोबी, ढबू, बटाटा मिळून बाराशे-तेराशे किलो, आणि कणकुंबी सोडल्यावर खरा घाट लागतोय तो उताराचा. चढ येताना, तेव्हा मागं नुसती रिकामी क्रेटं. दिवाळीत तुमच्यासोबत आलो तेव्हा हे ध्यानात आलं, तोवर मीपण मोठ्या इंजिनाच्याच बाजूचा होतो.

आणि बाबा, नुसत्या सीसीवर, म्हणजे इंजिनाच्या आकारावर, जाऊ नका. बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसी, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, २०० न्यूटन मीटर. टाटाच्या इंट्रा व्ही ५० चं १४९६ सीसी, तरी टॉर्क २२०. त्याच इंट्राच्या व्ही ३० ला सीसी तेवढंच पण टॉर्क १४०, ती आपल्या मालाला कमी पडणार, आणि दमलेलं इंजिन डिझेल जास्तच पितंय. मोठ्या इंजिनाचं एक मानतो, ते १४०० आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाला १४०० फेऱ्यांनाच, जोर धरतंय, छोट्याला १७५० लागतात, पावसाळ्यात शेतातल्या चिखलातनं भरलेली गाडी काढताना ते कळतंय. पण तसे दिवस वर्षात किती?

हिशोब बघा. जाऊन येऊन २२५ किलोमीटर धरा, मोठ्या इंजिनाला १२ चं ॲव्हरेज पडलं तर पावणेएकोणीस लिटर, छोट्याला १५ चं पडलं तर १५ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तरी खेपेला सव्वातीनशेच्या वर वाचतात, महिन्याला २० खेपा म्हणजे पावणेसात हजार, आईच्या गोळ्या भागून हप्त्याला हातभार लागतोय. म्हणून मी व्ही ५० म्हणालोय.

पण दिवाळीत उतारावर तुम्ही गाडी न्यूट्रल करून सोडलासा, डिझेल वाचतंय म्हणून, ते माझ्या डोक्यातनं जाईना झालंय. बाबा, नवीन इंजिनात गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडायचंच बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू राहायला डिझेल लागतंय, वर तेराशे किलोचा सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक तापले की पाय दाबून पण लागत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरा, अर्धा तास उशीर झाला तर होऊ दे की, बाजार कुठं पळून जात नाही.

ॲडव्हान्स एवढ्यात देऊ नका. मी शनिवारी सकाळी पोचतोय, ट्रायलला गाडी रिकामी नको, वीस पोती बटाटा घालून जांबोटीपर्यंत जाऊन येऊ. आई, तूपण चल, त्या सीटवर तुझी कंबर काय म्हणतीय तेपण बघायला पाहिजे.

तुमचा,
धाकटा